जाणाराही येतोच म्हणतो

"कोणी नुसतं 'येतो' म्हणालं, तर बोट परत आल्याची नोंद करू नये. आमच्याकडे जाणाराही येतोच म्हणतो. आत येताय की बाहेर जाताय, ते विचारावं. उत्तर मिळेपर्यंत काहीही लिहू नये."

ही चार वाक्यं कुठल्या पुस्तकात नाहीत. एका प्रोग्रामच्या पोटात आहेत, आणि तो प्रोग्राम ती रोज कितीतरी वेळा वाचतो. माणसांपैकी ती नीट वाचणारे आम्ही दोघंच होतो, त्यातला मी एकटा उरलोय. मराठीत पुष्कळ चांगलं लिहिलं गेलंय, थोडंफार मीही वाचलंय. पण या चार वाक्यांइतकं जिवावर उदार होऊन लिहिलेलं काही माझ्या पाहण्यात नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ती लिहिली जात होती तेव्हा मी समोर बसलो होतो.

लिहिणारी चांगुणाबाय. बोर्ली पंचतनच्या पुढे समुद्राला लागून एक कोळीवाडा आहे, तिथल्या मच्छीमार सोसायटीत ती बोटींची वही सांभाळायची. कोणती बोट कधी बाहेर गेली, कधी परत आली, एवढंच त्या वहीत असायचं. गेल्या चैत्रात ती गेली. 'गेली' असंच लिहितो. 'देवाघरी गेली' असं लिहिलं असतं, तर तिने ते पेन्सिलीने खोडून समासात 'नक्की कुठे?' असं विचारलं असतं.

मी म्हसळ्याचा. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, पण मासळी ताटात आल्यावरच ओळखणारी आम्ही माणसं. अलिबागच्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरी बसून प्रोग्राम लिहितो. या सोसायटीचं काम आमच्याकडे आलं ते असं : तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनी, फोनवर बोलून निरोप ठेवायचा आणि आमच्या एजंटने तो ऐकून पुढचं करायचं. बोटीची नोंद, बर्फाची मागणी, हवामानाचा इशारा. एजंट म्हणजे एआयवर चालणारा मदतनीस. त्याच्या हाताशी पाच-सहा टूल्स, म्हणजे एकेका कामाची अवजारं, असतात आणि प्रत्येक टूलसोबत दोन-चार ओळींचं वर्णन असतं, हे काय करतं आणि कधी वापरायचं. टूलच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. त्या दोन-चार ओळी वाचूनच तो काय ते ठरवतो. मी टूल्स बनवायला दोन महिने घेतले होते आणि वर्णनं एका दुपारी उरकली होती. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या कचेरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं ते भिंती वाचतच. नळावर पुठ्ठा टांगला होता : 'या नळाला पाणी येत नाही. पाणी मागच्या पिंपात आहे. पेला पिंपाच्या झाकणावर आहे.' पंख्याच्या बटणाशी : 'पंखा फिरला नाही तर वीज गेली आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबू नये.' कपाटावर : 'डावं दार आधी उघडावं. उजवं आधी उघडलं तर दोन्ही अडकतात.' मी हसू दाबत उभा होतो. टेबलामागून एक साठीची बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. चष्म्याची मोडकी काडी जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"वाचलंस ना? मग आता पेला कुठं म्हनून इचारू नको," ती म्हणाली.

मी अहो-जाहो सुरू केलं, ते तिने पहिल्याच दिवशी बंद पाडलं. बायला 'गो' म्हणायचं असतं, 'अहो' कुणाला म्हणतोस, माझ्यामागे कोण उभं आहे का? मग मी तिला सगळ्या वाड्यासारखं 'बाय' म्हणू लागलो. ती मला 'म्हसल्या' म्हणायची.

मी मोठ्या कौतुकाने माझी वर्णनं तिला दाखवली. पहिलंच होतं : 'बोटींची माहिती हाताळते.' तिने ते दोनदा वाचलं आणि हाताळते म्हणजे काय करते, कुरवाळते का, असं गंभीरपणे विचारलं. पुढच्या वर्णनात 'बर्फ, डिझेल वगैरे' असं होतं. तिथे तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि कागद नव्हता म्हणून थेट माझ्या लॅपटॉपच्या काचेवर टेकवली.

"ह्यो वगैरे काढ. वगैरेत मानूस बुडतो."

मग तिने मला बसवून घेतलं आणि हा एजंट नक्की कसा आहे ते विचारत बसली. त्याला दिसतं का? नाही. कालचं आठवतं का? फारसं नाही. सांगितलेलं ऐकतो का? अगदी तंतोतंत. कळलं नाही तर विचारतो का? सांगितलं तर विचारतो, नाहीतर आपलं काहीतरी ठरवून मोकळा होतो. बायने पेन्सिल परत अंबाड्यात खोचली. मग म्हणाली, हा तर पावणा आहे. घरात पावण्याला एकटं सोडून आपण बाजारात जाणार असलो तर चिठ्ठी कशी लिहू, तशी लिहायची. पावण्याला मीठ कुठे आहे ते माहीत नसतं आणि साखरही तशीच दिसते. तेव्हा मीठ कुठे आहे एवढं लिहून भागत नाही, शेजारच्या डब्यात साखर आहे हेही लिहावं लागतं.

पुढे मी इंग्रजीतले मोठमोठे लेख वाचले या विषयावर. त्यांत या मिठाच्या डब्यापलीकडे फारसं काही मिळालं नाही.

त्या दिवसापासून माझी वर्णनं तिच्याकडे जाऊ लागली. मी आठवड्यातून दोनदा मोटारसायकल हाणत जायचो. ती टेबलाच्या खणातून कागदात बांधलेले सुके बोंबील काढून द्यायची आणि माझी वाक्यं सोलायला घ्यायची. 'नाखवा' या शब्दावर तर आमचे दोन दिवस गेले. एका टूलमध्ये मी लिहिलं होतं, 'इशारा नाखव्याला पाठवते.' नाखवा म्हणजे मालक की बोट चालवणारा, हे वाड्यावाड्यागणिक बदलतं, ते मला म्हसळेकराला काय ठाऊक! चाचणीत वाऱ्याचा इशारा गेला तो नवी मुंबईत भावाच्या घरी जेवायला बसलेल्या एका मालकाला. त्या गृहस्थाने घाबरून सोसायटीला फोन केला की मी तर जमिनीवर आहे, आता काय करू? बायने त्याला शांतपणे सांगितलं की आधी जेवण पुरं कर. मग तिने लिहिलं, 'आज बोटीवर जो आहे त्याला पाठवावा. मालक घरी असू शकतो.' त्यानंतर तशी चूक झाली नाही.

ती वाक्य लिहिताना ओठ हलवायची. लिहून झालं की वाक्य मोठ्याने वाचायची, आणि मग मुद्दाम चुकीचं समजून घ्यायची. याचा दुसरा अर्थ निघतो का बघू, म्हणायची, आणि असा काही वाकडा अर्थ काढायची की मी कपाळाला हात लावायचो. बाय, एवढा मूर्ख कोण असतो, असं एकदा वैतागून मी विचारलं. तिने मान खाली घातली आणि पुढचं वाक्य उचललं. मला तेव्हा वाटलं, तिला राग आला.

मग चाचणीचा मोठा दिवस आला. सोसायटीच्या ओट्यावर पाच-पन्नास माणसं जमली होती. एका जुन्या तांडेलाच्या हाती फोन दिला आणि नेहमी निघताना बोलतोस तसं बोल म्हणून सांगितलं. तो लाजला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाय गो, येतो." झालं. पडद्यावर ओळ उमटली : 'नोंद केली. बोट परत आली.' आणि त्याची बोट तर समोर धक्क्याला बांधलेली, दोरसुद्धा सुटलेला नव्हता.

ओटा हसून हसून लोळला. गेली नाही तोच परत आली, असं कुणी म्हणालं. आता डिझेल पण नको, असं दुसरं कुणी म्हणालं. तो तांडेलही हसत होता. आपल्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ, बाजारात चाललेला माणूसही उंबऱ्यावर 'येतो' म्हणतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी स्वतः त्या सकाळी आईला 'येतो' म्हणूनच निघालो होतो. तरी टूलच्या वर्णनात मी लिहिलं होतं : 'बोट येत असल्याचं सांगितल्यास वापरावे.' मीही हसलो आणि सगळ्यांकडे बघत कान पकडले. एकटी बाय हसत नव्हती. ती उठली, कचेरीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. माणसं पांगली तरी तिने दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलावर एक जुनी वही होती. तिने मला बसायला सांगितलं, एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोट यशवंताची. यशवंता हा तिचा धाकटा भाऊ. तिच्याच अक्षरात पुढे लिहिलं होतं, 'आली.'

"ह्यो मूर्ख बघ," ती म्हणाली. "तू इचारलं होतंस ना, एवढा मूर्ख कोन असतो."

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. यशवंताचा खलाशी तापाने पडला होता म्हणून तो एकटाच निघाला. बर्फ भरायला पलीकडच्या बंदरात थांबला आणि तिथल्या बर्फाच्या कारखान्यातून त्याने सोसायटीला फोन केला. "बाय, बर्फ भरला. येतो." वारा फिरला होता, बाकीच्या बोटी परतत होत्या. बायला वाटलं, हाही परततोय. तिने वहीत लिहिलं, आली.

दिवस कलायला लागला तेव्हा यशवंताची बायको विचारायला आली. सुकती होती. सुकतीला खाडीत पाणी नसतं, बोटी तोंडाशी थांबून राहतात आणि भरती लागली की आत शिरतात. बायने तिला सांगितलं, आला गो तो, खाडीच्या तोंडाशी थांबला असंल. वैनी घरी गेली आणि तिने भात ठेवला.

भरती आली, ओसरली, बोट काही आत आली नाही. वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून शोध घेतला तो खाडीच्या तोंडाशी. दोन दिवस तिथलेच खडक पालथे घातले, कारण वही सांगत होती की बोट तिथवर आली होती. पाचव्या दिवशी ती फार खाली दक्षिणेला उलटलेली मिळाली. यशवंता मिळालाच नाही. वाऱ्याने ओढून नेली, असं सगळे म्हणाले. काही महिन्यांनी बर्फाच्या कारखान्यातला माणूस बाजारात भेटला आणि सहज बोलून गेला की तो परत फिरलाच नव्हता, सरळ बाहेर गेला, मी डोळ्यांनी पाहिला. बायने मासळीची पाटी उचलली आणि ती घरी आली. कुणाला काही सांगितलं नाही.

हे सगळं तिने मला एकाच सुरात सांगितलं. मी म्हणालो, कुणाचीही चूक झाली असती. तिने मान हलवली. सगळ्यांची झाली नाही, माझी झाली, म्हणाली.

खरं दुखणं त्याच्याही पुढे होतं. बाय लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतलेली. भाऊ गेल्यावर घरात ती आणि वैनी, दोघीच. एक चूल, एक हांडा. आणि वैनी इतकी वर्षं एकाच गोष्टीवर तगून होती, की माझा माणूस घराजवळ पोचला होता. खाडीच्या तोंडापर्यंत आला होता. दरवर्षी त्या दिवशी ती तिथल्या खडकावर जाऊन नारळ सोडायची, आणि बाय तिच्यासोबत पिशवी धरून उभी राहायची.

"तिला सांगाया पायजे," बाय म्हणाली. "रोज वाटतं, आज सांगू. पन वाक्य गावत न्हाय."

जिने नळाला, पंख्याला, कपाटाला वाक्यं दिली, तिला हे एक वाक्य वीस वर्षांत सापडलं नव्हतं. त्या दुपारी मी म्हसळ्याला परतलो तो कसा, मला आठवत नाही.

मग तिने 'परत आल्याची नोंद' या टूलचं वर्णन लिहायला घेतलं. तीन आठवडे ती तेच लिहीत होती. पहिल्यांदा पानभर लिहिलं. वाड्यात येतो किती तऱ्हांनी म्हणतात, सुरात काय फरक असतो, मागे इंजिनाचा आवाज असेल तर काय समजावं, सगळं. मी ते घालून पाहिलं, तर एजंट आणखीच गोंधळला. इतकं ऐकल्यावर पावणा मिठाला हातच लावणार नाही, असं मी तिचंच तिला सांगितलं. ती हसली. त्या दिवसांत ती हसलेली मला तेवढीच आठवते. मग खोडणं सुरू झालं.

आमचे अलिबागचे साहेब फोनवर म्हणाले की एवढं कशाला हवंय, एजंट हुशार आहे, मागच्या-पुढच्या संदर्भावरून त्याला आपोआप कळेल. फोन स्पीकरवर होता, बाय ऐकत होती.

"सायेब, मी पन हुशारच होते," ती म्हणाली. "मी पन संदर्भावरनंच वळखलं होतं."

साहेबांना त्यातलं काही कळलं नसणार, पण ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. सातव्या खेपेला ती चार वाक्यं राहिली. तिने ती मोठ्याने वाचली, नेहमीसारखा वाकडा अर्थ काढून पाहिला, आणि तो काही निघाला नाही. तेव्हा तिने पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि पिंपातलं पाणी प्यायला उठली.

आता निरोपात नुसतं 'येतो' आलं की एजंट विचारतो, आत येताय की बाहेर जाताय? सुरुवातीला तांडेल चिडायचे. एवढंही कळत नाही का याला, म्हणायचे. एकाने तर 'सासरी जातोय' असं उत्तर दिलं, त्यावर एजंटने आदबीने पुन्हा तोच प्रश्न केला. बायला ते फार आवडलं होतं. उत्तर मिळेपर्यंत गप बसतो, शहाणा आहे, असं ती वाड्यात सांगत फिरायची.

मी तिला कधी विचारलं नाही, वैनीला सांगितलंस का. तिच्याकडे बघून कळायचं की नाही. थंडीत ती बारीक व्हायला लागली. जेवण जात नाही म्हणायची आणि विषय बदलायची. आम्हाला प्रत्येक टूलपुढे 'चाललं नाही तर काय दिसेल' ते लिहायला लावणाऱ्या बाईने स्वतःच्या दुखण्याचा एक शब्द बाहेर पडू दिला नाही. शिमग्याच्या तोंडावर म्हसळ्याच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ हाताने चाचपली आणि मुंबईला न्यायला सांगितलं. मला त्या गाठीचा राग येतो, आणि महिनोन्महिने तिच्या समोर बसून काही न ओळखलेल्या स्वतःचा त्याहून जास्त येतो.

शिमगा उरकल्यावर बाय आणि वैनी मुंबईला निघाल्या. मी सकाळी बोर्लीच्या एसटी स्टँडवर गेलो. वैनीने दोन्ही पिशव्या धरल्या होत्या. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. इतक्या दिवसांत ती माझ्याशी पाच शब्द बोलली नसेल. ती तिकिटांची चौकशी करायला गेली, तेव्हा बायने मला बाकावर बसवलं.

"सांगितलं," ती म्हणाली.

काय ते मला विचारावं लागलं नाही. कसं सांगितलंस, एवढंच मी विचारलं.

"यशवंता आला नव्हता. तो गेला होता. मी चुकून आला लिवलं." एवढं बोलून ती थांबली. "तीनच वाक्यं लागली रे. वही पन दुरुस्त केली."

"मग? वैनी काय म्हणाली?"

"काय न्हाय. भाकऱ्या थापत होती, त्या थापून झाल्या. दोन दिस बोलली न्हाय. आज सकाळी माजी पिशवी भरलीन, नि तिच्यात सवताचं लुगडं पन घातलंन."

गाडी लागली. मी पिशव्या चढवल्या. बाय खिडकीशी बसली, वैनी तिच्या पलीकडे. मी खाली खिडकीखाली उभा राहिलो. मुंबईत काय होणार हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

गाडी सुरू झाली तशी ती बाहेर वाकून म्हणाली, "जाते रे, म्हसल्या."

आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाने चपापून मागे वळून बघितलं. मी म्हणालो, "येते म्हण, बाय."

"न्हाय. वाक्याचा एकच अर्थ निघाया पायजे."

तेवढ्यात वैनी तिच्यावरून ओणवी होऊन खिडकीपाशी आली. ज्या शब्दाने तिचा माणूस नेला, तो शब्द तिने माझ्याकडे बघून उच्चारला.

"येतो आमी," ती म्हणाली. "दोघी."

बायने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आत येताय की बाहेर जाताय, हे तिने विचारलं नाही. गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला खिडकीतून तिच्या अंबाड्यातली पेन्सिल दिसत होती.